पहिला सीझन हरण्यात गेला? मग हे कर

रग्बी टीमचा कोच झालास आणि चार सामने ओळीने हरलास, एकदा तर शून्यावर. घाबरू नकोस. चौदाखालच्या पोरांत एकाची उंची अचानक वाढलेली असते, दुसरा अजून पाचवीतला वाटतो. स्कोअरबोर्डवर निम्मं तेच दिसतं.

आधी टॅकल बघ, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणं. आपली पोरं कबड्डीतून येतात, पाय धरायची भीती नसते, पण डोकं चुकीच्या बाजूला जातं. डोकं समोरच्याच्या पुढे आडवं गेलं की गुडघा लागलाच म्हणून समज. गाल त्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला चिकटलेला, डोळे उघडे, दोन्ही हातांचा घट्ट विळखा. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत. दोन आठवडे एवढंच घेतलंस तरी चालेल. मुंबईत पावसाळ्यात मैदान मऊ असतं, तेव्हाच शिकवून टाक.

पासिंगसाठी चार-चार जणांच्या रांगा पुरेत. ओला बॉल हातातून निसटणारच, ओरडू नकोस.

डोक्याला मार लागला आणि पोरगं गोंधळलेलं दिसलं, तर सामना कितीही रंगात असो, बाहेर काढ. त्या दिवशी परत आत नाही, थेट डॉक्टर. ‘सर, मी ठीक आहे’ हे सगळेच म्हणतात.

आणि आई-वडिलांना एकदा बोलावून नियम सांग. बॉल मागेच का टाकतात हे न कळल्यामुळे अर्धी आरडाओरड होते. ट्रायचे (बॉल समोरच्या टीमच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की) पाच गुण, कन्व्हर्जनचे (ट्रायनंतर खांबांमधून मारलेल्या किकचे) दोन, एवढं कळलं तरी चहाच्या टपरीवरची टीका जरा सुसह्य होते.

बेंचवरच्यांनाही खेळव हं. पुढच्या वर्षी तेच उरतात.