जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला राबणारी माणसं कुठून मिळतात, आणि त्यांचे आभार कसे मानायचे?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावी जुन्या गाड्यांचं लहानसं प्रदर्शन भरवायचं आहे, पंधरा-वीस गाड्या येतील, पैसा बेताचा आहे, तर स्वयंसेवक कुठून आणायचे आणि ते पुढच्या वर्षीही यावेत म्हणून त्यांचे आभार कसे मानायचे. मी बेळगावची. आमच्याकडे दर हिवाळ्यात एका रविवारी असं प्रदर्शन भरतं आणि गाड्यांच्या नोंदणीचं टेबल गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आमची संस्था नाही, कचेरी नाही. एक वही आणि एक पत्र्याची पेटी, एवढाच कारभार. तरी माणसं कधी कमी पडली नाहीत. का पडली नाहीत, ते सांगायचं तर आधी घरची गोष्ट सांगावी लागेल.

माझे बाबा उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी मातीत जो साचा उठवतात, त्याचा लाकडी नमुना करणारा कारागीर. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरला साधारण 10 मिलिमीटर. म्हणून नमुना तेवढा मोठा धरायचा, शिवाय लेथवर जे कातून जाणार त्याचीही जागा ठेवायची. त्यासाठी बाबांच्या खिशात एक वेगळी पट्टी असायची, नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित मोठ्या खुणांची. ती अजून माझ्या कपाटात आहे.

बाबांनी 1975 ची प्रीमियर पद्मिनी दुसऱ्या हातची घेतली होती. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. बाबा गेले आणि गाडी परड्यात पत्र्याखाली नऊ वर्षं उभी राहिली. टाकीत गंज धरला, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम झाले, वायरिंग उंदरांनी खाल्लं. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. तिसऱ्यांदा आला असता तर मी दिली असती.

त्याआधी बेळगावातल्याच शहापूरचे एक मिस्त्री आले. सगळे त्यांना मामा म्हणतात. न बोलावता आले, बॉनेट उघडून बघितलं आणि पुढचे चार महिने दर रविवारी येत राहिले. टाकी उतरवून धुतली, ब्रेकचं सगळं नवं केलं, कार्बोरेटर सुटा करून साफ केला, डेल्कोचे पॉइंट घासून गॅप लावला. (डेल्को म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग. पुस्तकात डिस्ट्रिब्यूटर म्हणतात, आमच्या गॅरेजांत सगळे डेल्कोच म्हणतात.) गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली त्या दिवशी मी पैसे पुढे केले. मामा म्हणाले, "नको ओ ताई. तुमच्या बाबांचं देणं हाय माझ्याकडं."

मामांनी नुकतंच गॅरेज टाकलं होतं तेव्हाची ती हकीकत. पहिलंच मोठं काम, एका विलीज जीपचं, आणि तिच्या वॉटर पंपाची बॉडी तडकलेली. नवी कुठे मिळेना. बीडाला वेल्डिंग करायचं तर आधी तापवून घ्यावं लागतं आणि नंतर हळूहळू निववावं लागतं, नाहीतर शेजारीच दुसरी चीर जाते. तशी ती गेलीच. जीपवाला रोज येऊन उभा राहायचा. कुणीतरी बाबांकडे पाठवलं. बाबांनी तुटक्या बॉडीवरून दोन रात्री घरी बसून लाकडी पॅटर्न केला आणि शनिवारच्या शेवटच्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीतल्या शेवटच्या वितळणीत, जे लोखंड उरलं त्यातून फाउंड्रीवाल्यांनी ती ओतून दिली. घेतला फक्त चहा. मामांनी हे देणं तीस वर्षं मनात ठेवलं होतं. आमच्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

खानापूर-चंदगड पट्ट्यात भातलावणीला पैरा चालतो. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. शेतातला पैरा त्याच हंगामात फिटतो. हा तसा नव्हता. बाबांचा पैरा मामांनी माझ्याकडे फेडला. मग मी तो कुणाकडे फेडायचा? त्या वर्षी प्रदर्शनाच्या टेबलावर बसायला कुणी नव्हतं, मी बसले.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगते ती ही: स्वयंसेवक पाहिजेत अशी जाहिरात करत बसू नका. नोंदणीच्या अर्जात एक ओळ वाढवा. आमच्या अर्जात गाडीचं नाव, वर्ष, नंबर यांच्याखाली छापलेलं असतं, "ही गाडी आजवर चालती कुणी ठेवली?" मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत. लोक आधी थबकतात, मग लिहीतच जातात. संकेश्वरच्या एका अँबॅसिडरवाल्यांनी डेंटरपासून सीटं शिवणाऱ्यापर्यंत सात नावं लिहिली. एका येझदीवाल्याने लिहिलं, "बायको. तीन वर्षं रोज सकाळी धक्का मारला." या नावांना आम्ही फोन करतो. "तुमच्या हातची गाडी मैदानावर उभी राहणार आहे, बघायला या," एवढंच सांगतो. काम सांगत नाही. माणूस आला, आपण पाच वर्षांपूर्वी काढलेला पत्र्याचा पोचा कुठे होता ते बोटाने चाचपून बघितलं, की तासाभरात तो कुणाचं तरी बॉनेट धरून उभा असतो. आमची निम्म्याहून जास्त माणसं अशी आली.

बाकीची आली ती ज्याच्या त्याच्या कसबाने. बेळगावात गणपतीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे मंडळांच्या पोरांना दोरी कशी धरायची आणि गर्दी न ढकलता कशी मागे घ्यायची हे शिकवावं लागत नाही. उद्यमबागेतले टर्नर-फिटर रविवारी मोकळे असतात. इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे आणि आसपासच्या गावांत घराआड एक फौजी सापडतो. आमच्या मैदानाची आखणी असाच एक निवृत्त हवालदार करतो. फौजेत ट्रक चालवायचा. शनिवारी संध्याकाळी तो फक्कीने रेघा मारतो. दोन गाड्यांमध्ये पूर्ण दार उघडेल इतकं अंतर, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला आगीचा बंब शिरेल एवढी वाट. पेट्रोलची आग पाण्याने विझत नाही, पसरते, म्हणून रांगेगणिक पावडरचा सिलिंडर आणि वाळूच्या चार बादल्या. वाळू फाउंड्रीतून येते. हे तुम्ही नक्की करा, गाड्या पंधरा असल्या तरी.

सगळ्यात अवघड काम मात्र मैदानावर नसतंच, ते रस्त्यावर असतं. निपाणीकडून येणाऱ्या गाड्यांना तवंदी आणि वंटमुरी असे दोन घाट, गोव्याकडून येणाऱ्यांना चोर्ला. पन्नास वर्षांची गाडी रिकाम्या रस्त्यावर छान धावते, पण घाटात ट्रकमागे पहिल्या गिअरात अडकली की तापते. रेडिएटर उकळतो, किंवा इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपातच वाफ धरते आणि इंजिन मरतं. म्हणून पहाटे पाचला आमची घाटाची टोळी निघते. दोन जीप, पाण्याचे कॅन, फॅनबेल्ट, कॉइल, कंडेन्सर, पॉइंटचे दोन सेट आणि सुती फडक्यांचा गठ्ठा. वाफ धरली तर पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. एवढा साधा उपाय, पण तो माहीत असलेला माणूस त्या वळणावर उभा पाहिजे.

एका वर्षी कणकुंबीच्या अलीकडे गोव्याची एक मॉरिस मायनर बंद पडली. गाडीत सत्तरीपुढचे नवरा-बायको. टोळीतला धाकटा पोरगा गोकाककडचा, कन्नड बोलणारा, मराठी जेमतेम, आणि त्या दोघांना येत होती ती कोंकणी आणि इंग्रजीच. पोरगा "स्वल्प थांबा, स्वल्प थांबा" म्हणत गाडीखाली गेला. पेट्रोलची रबरी नळी आतून फुगून बुजली होती. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय, जुनं रबर त्याला टिकत नाही. त्याने जीपमधली नवी नळी कापून बसवली. ते दोघं दुपारी माझ्या टेबलाशी आले आणि अर्जातल्या त्या ओळीत आधीच्या नावांखाली त्या पोराचं नाव लिहून गेले. त्याला दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही, मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि घरी पाठवला. सीमाभागातल्या भाषेच्या भांडणाबद्दल बाहेर बरंच बोललं जातं. ते दुखणं खोटं नाही, आमच्यातल्याही प्रत्येकाचं त्यावर आपलं मत आहे. पण मैदानावरच्या पाट्या आम्ही पहिल्या वर्षापासून दोन्ही भाषांत लावतो, दोन्ही अक्षरं सारख्याच आकाराची, आणि त्या रंगवणारा माणूस एकच आहे.

आता आमची चूक सांगते, कारण आभाराबद्दल जे शिकले ते तिच्यातून.

दुसऱ्या वर्षी आम्ही समारोपाला व्यासपीठ घातलं. पाहुणे, फेटे, शाली, नारळ. आभारप्रदर्शन शेवटी ठेवलं, तसंच ठेवायची पद्धत असते. देणगीदारांची नावं वाचण्यात पंचवीस मिनिटं गेली आणि काम करणाऱ्यांची यादी "वेळेअभावी" राहिली. ती यादी माझ्याच हातात होती. वाचली असती तरी ऐकायला कोण होतं? ती माणसं मांडवाचे बांबू सोडत होती, भांडी घासत होती. पुढच्या वर्षी त्यांतली बरीच आली नाहीत. कुणी तक्रार केली नाही, फक्त आली नाहीत. पहाटे चारपासून दोनशे माणसांचं उप्पीट करणाऱ्या वडगावच्या एक मावशी होत्या, त्यांच्या घरी मी गेले. त्यांनी चहा दिला, चौकशी केली. निघताना मीच विषय काढला, तुमचं नाव वाचायचं राहिलं म्हटलं. त्या म्हणाल्या, "नावाचं काय ओ ताई, पण आमच्या बायकांना त्या दिवशी दुपारी जेवण उरलं नव्हतं."

मला हे माहीतच नव्हतं. पाहुणे वाढले, त्यांच्याबरोबरची माणसं वाढली, आणि ज्यांनी शिजवलं त्या उपाशी घरी गेल्या. त्या संध्याकाळी मी वडगावहून तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत चालत आले, रिक्षाला हात करायचंही सुचलं नाही.

तेव्हापासून राबणाऱ्यांची पंगत पहिली. साडेअकराला, पाळीपाळीने, बसून, पान मांडून. पाहुणे त्यानंतर. व्यासपीठ गेलं. आभार सकाळी सातला, पहिली गाडी आत यायच्या आधी. सगळे गोल उभे राहतात आणि मी वही उघडून मागच्या वर्षी कुणी काय केलं ते एकेका वाक्यात वाचते. "सहकार्याबद्दल धन्यवाद" असं वहीत कुठेही नाही. "चोर्ल्यात मॉरिसची नळी बदलली." "हरवलेल्या मुलीला आई येईपर्यंत जीपमध्ये बसवून हॉर्न वाजवू दिला." "संध्याकाळी मैदानावरचं ऑइल लाकडाचा भुसा टाकून टिपून घेतलं." एवढं लिहायचं तर दिवसभर बघावं लागतं, म्हणून वही टेबलावर न ठेवता मी बरोबर घेऊन फिरते. कोण काय करतंय ते बघून ठेवणं हे सुद्धा एक काम आहे. तुमच्याकडे ते एका माणसाला नेमून द्या, त्याला दुसरं काही सांगू नका.

गाडीवाल्यांनाही विसरू नका. पंधरा वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन नव्याने करायची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5000 रुपये झाली होती, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना 2025 मध्ये ती आणखी वाढली. पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून नंबर घ्यायचा तर 2021 च्या नियमांप्रमाणे 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, आणि मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन-रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. एवढं सोसून जो माणूस गाडी तुमच्या मैदानावर आणतो त्याच्याकडून प्रवेश फी घेऊ नका. इन्शुरन्सचा कागद तेवढा बघून घ्या.

आणि आमच्याकडची शेवटची एक रीत. संध्याकाळी स्वयंसेवकांनी चालत किंवा बसने जायचं नाही. ज्याला जी गाडी आवडली तिच्यात बसून घरी, मालक स्वतः पोचवणार. मैदान झाडायला येणाऱ्या पौरकार्मिक ताईंनी गेल्या वर्षी माझी पद्मिनी मागितली. पुढच्या सीटवर बसल्या, मागे त्यांची दोन नातवंडं. वाटेत हळूच म्हणाल्या, गल्लीच्या तोंडाशी नको, आतपर्यंत न्या. आत जेमतेम एक गाडी मावत होती. मी नेली, आणि बाहेर निघताना सगळ्या गल्लीने मिळून रिव्हर्स सांगितला.

तुमचं गाव कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. निपाणी, गडहिंग्लज, चिक्कोडीकडचं असेल तर तारीख कळवा, आमची घाटाची टोळी तुमच्या गाड्यांसाठी पहाटे उभी राहील, मामांशी बोलणं झालंय. माझ्याकडे फक्कीच्या दोन पिशव्या उरल्या आहेत, त्या डिकीत टाकून आणते.