कागद कापते, टोमॅटोवर घसरते: सुरीची धार टिकत का नाही

प्रश्न थोडक्यात असा: हार्डवेअरच्या दुकानातून एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक असा काळा दगड आणला, अर्धा तास घासलं, सुरीने वर्तमानपत्र सर्रकन कापलं आणि दोन दिवसांत ती टोमॅटोवर घसरू लागली. दगड वाईट, की सुरी?

बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. तुम्ही थांबलात चुकीच्या जागी.

एका बाजूने घासत गेलं की पातं धारेपाशी इतकं पातळ होतं की पोलादाची एक बारीक किनार दुसऱ्या बाजूला कलते. वर्कशॉपात तिला बर म्हणतात. ही बर स्वतः धारदार असते, म्हणून कागद कापला जातो. पण ती पत्र्यासारखी लवचिक. चार कांदे चिरले की दुमडते, आणि तुम्हाला वाटतं धार गेली. खरी धार अजून उघडी पडलेलीच नसते. म्हणून बर आधी आणायची आणि मग काढायची. किती वेळा घासलं हा आकडा मोजण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी पातं साबणाने धुवा. फणसाचा चीक लागलेला असेल तर खोबरेल तेल चोळून काढा, नाहीतर तो दगडाच्या छिद्रांत बसतो आणि दगड नुसता गुळगुळीत सरकतो. काळा कार्बोरंडमचा दगड पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण 10 मिनिटं ठेवा. एकदा पाण्यावर वापरायला घेतला की त्यावर तेल घालू नका. ओट्यावर ओलं फडकं घडी करून त्यावर दगड ठेवा; हलणाऱ्या दगडावर कोन टिकत नाही.

कोन हाच नवशिक्याचा खरा घोळ. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की 45 अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्यापेक्षा किंचित कमी, म्हणजे 20 अंशांच्या आसपास घरच्या सुरीला पुरे. पातं 40 मिमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण 14 मिमी वर राहते. 15 अंशांना हीच उंची 10 मिमी होते, पण स्वस्तातल्या मऊ स्टीलला एवढी बारीक धार पेलत नाही. कोन जुळला की नाही ते पाहायला धारेच्या उतारावर मार्करने काळी रेघ ओढा आणि दोनदा घासा. शाई फक्त वरून गेली तर पाठ फार खाली आहे. फक्त अगदी धारेपाशची गेली तर पाठ फार वर. पहिले काही दिवस हे दर वेळी करा, लाज वाटू देऊ नका.

खरखरीत बाजूवर एकाच बाजूने, मुठीपासून टोकापर्यंत घासत जा. टोकाच्या बाकाशी मूठ जराशी उचला, नाहीतर टोक तसंच बोथट राहतं. दाब किती? दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून एकदा घासून पाहा: सुरुवातीला किलोभर, शेवटी 200 ग्रॅम. दाब देताना काटा कुठे जातो ते डोळ्यांनी पाहिलं की हात लवकर शिकतो.

थोड्या थोड्या वेळाने बर तपासा. घासलेल्या बाजूच्या उलट बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेबाहेर निसटेल असा सरकवा. धारेच्या लांबीने कधीच नाही. बर आली असेल तर धारेपाशी काहीतरी अडकल्यासारखं लागतं. ते मुठीपासून टोकापर्यंत सलग लागलं तरच पातं उलटायचं. मधे एक बोटभर जागा सुटली तर तेवढ्याच जागेवर घासा. अगदी बोथट सुरीला पहिल्या बाजूला 15-20 मिनिटं लागू शकतात. दुसरी बाजू लवकर होते. मग बारीक बाजूवर हेच, पण हलक्या हाताने.

आता सगळे जण गाळतात ती पायरी. धार पुढे ठेवून एकदा ही बाजू, एकदा ती, असं आलटून पालटून 8-10 वेळा, दर वेळी दाब कमी करत. शेवटचे दोन-तीन तर पात्याच्या वजनानेच. नंतर जुन्या जीन्सचा तुकडा फळीवर ताणून त्यावर पाठ पुढे ठेवून प्रत्येक बाजूने दहा वेळा ओढा. ट्यूबलाइटखाली धार वर करून पाहा: बोथट जागा पांढरी चमकते, खरी धार दिसतच नाही. मग पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून ओढा, दाबायचं नाही.

तरी धार लवकर जात असेल तर वापराकडे बघा. कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरणं ही सुरीची शिक्षाच. बांगड्याची खवलं धारेने खरवडू नका, पाठ वापरा. सुरमईच्या मधल्या काट्यावर सुरी मारली की धारेत खाचा पडतात. तिथे कोयताच हवा, आणि त्याची धार 25-30 अंशांची, जाड. सारखी दगडाकडे धाव घेण्यापेक्षा चिनी मातीच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची कडा घ्या, आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा हलकेच ओढा, बरेच दिवस निभतं.

दारावर येणारा धारवाला कोयत्याला चांगला. पातळ सुरी मात्र कोरड्या चाकावर धरली आणि धारेपाशी निळी झाक आली, तर पोलाद 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, तिथे उतरलेलं असतं. ती निळी पट्टी घासून जाईपर्यंत धार टिकणार नाही.

साध्या लोखंडी पात्याला कोकम, कैरी लागली की लगेच धुवा, पुसा, खोबरेलाचा हात फिरवा. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. स्टेनलेसलाही मिठाने बारीक खड्डे पडतात.

विळीला, सिंधुदुर्गाकडे आडाळो म्हणतात तिला, नियम तोच, पण पातं स्थिर आणि दगड हातात. चार इंची तुकडा घ्या, बोटं दगडाच्या मागच्या अर्ध्यातच ठेवा आणि पाठीकडून धारेकडे सरकवा. बाकाच्या आतल्या बाजूला सपाट दगड पोचत नाही; लाटण्याच्या जाडीच्या काठीला 400 नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा. तिसऱ्या (शिंपल्या) त्याच विळीवर उघडत असाल तर खालचा दोन इंचाचा भाग त्यांनाच सोडून द्या, भाजी वरच्या भागावर चिरा. खोवणीच्या दातांना दगड लावू नका. तिकोनी कानस प्रत्येक खाचेतून एकाच दिशेने दोन-तीनदा फिरवा, आणि पुन्हा नारळ खोवण्याआधी लोखंडाचा कीस नीट धुवून टाका.