कधीच रक्त घेतले नाही, तरी प्रतिपिंडे कुठून आली?

आपला रक्तगट ओ आहे, आपण कधीही दुसऱ्याचे रक्त घेतलेले नाही, तरीही आपल्या रक्तात ए आणि बी यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे परक्या घटकाला ओळखून चिकटणारी प्रथिने) कशी, असे आपण विचारले आहे. मी नागपुरातील एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि रक्तदात्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी हा मला सर्वांत मार्मिक वाटतो.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एक विशिष्ट शर्करा जोडली गेली की ए गट होतो, दुसरी जोडली गेली की बी, आणि ओ गटात ती जोडणारे विकरच (एन्झाइम) निकामी असल्यामुळे टोक मोकळे राहते. या शर्करांशी मिळतीजुळती रचना आतड्यातील अनेक जिवाणूंच्या आवरणावरही आढळते. जन्मानंतर हे जिवाणू आतड्यात वस्ती करतात, शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, आणि हीच प्रतिपिंडे परक्या गटाच्या पेशींनाही चिकटतात. स्वतःच्या पेशींवर जी शर्करा आहे, तिच्याविरुद्ध मात्र ती बनत नाहीत. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांमध्ये बी-विरोधी प्रतिपिंडे आढळली नाहीत, नेहमीच्या वातावरणातील पिल्लांमध्ये मात्र आढळली. माणसाच्या बाळातही ती साधारणपणे तीन ते सहा महिन्यांनंतर दिसू लागतात, म्हणून नवजात बाळाचा गट ठरवताना आम्ही केवळ पेशी तपासतो, सीरममधील (रक्तातील द्रव भागातील) प्रतिपिंडांवरून गट पडताळणारी उलट तपासणी करत नाही.

ज्यावरून गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरते, त्या आरएच घटकाचे तसे नाही. तो प्रथिन आहे. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनण्यासाठी निगेटिव्ह व्यक्तीच्या रक्तात पॉझिटिव्ह पेशी प्रत्यक्ष जाव्या लागतात, म्हणजे रक्तसंक्रमणातून किंवा गरोदरपण व प्रसूतीच्या वेळी बाळाकडून. निगेटिव्ह मातेला पॉझिटिव्ह बाळ झाल्यास ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात ते तिच्या शरीरात ही प्रतिपिंडे बनू नयेत यासाठी.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांपैकी ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्यात केल, ई यांसारख्या तांबड्या पेशींवरील इतर प्रतिजनांविरुद्धही (प्रतिपिंडे ज्या खुणा ओळखतात त्यांच्याविरुद्धही) प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. गट तंतोतंत जुळत असूनही आम्ही क्रॉसमॅचसाठी (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, हे पाहण्याच्या चाचणीसाठी) नवा नमुना मागतो तेव्हा नातेवाईक चिडतात, आणि त्यांची घाई समजण्यासारखी असते. परंतु मागच्या वेळी चाललेले रक्त या वेळी चालेलच असे कार्डावरील गट पाहून सांगता येत नाही.