गाडी आपली, दगड कुणाचा?

या वेळी पत्रं बरीच आलीत आणि विषय जवळजवळ एकच, रस्त्यावरच्या नाहीतर दुसऱ्याच्या गाडीतून पडलेल्या वस्तूने आपल्या गाडीचं नुकसान झालं तर भरून कोण देणार. मी बरीच वर्षं मोटार सर्व्हेचं, म्हणजे विम्यासाठी गाड्यांचं नुकसान तपासायचं काम केलंय, त्यामुळे फुटलेल्या काचा आणि वाकलेली बॉनेटं भरपूर बघितलीत. बहुतेक लोक "जाऊ दे, कोणाला पकडणार" म्हणून सोडून देतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याच वेळा पकडायला माणूस असतो, आपण पहिल्या दहा मिनिटांत त्याला हातचा घालवतो. म्हणून तीन पत्रं निवडलीत.

प्रश्न : नमस्कार सर. मी भांडुपला राहते. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला ऑफिसवरून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने घरी येत होते, विक्रोळीच्या पुढे डेब्रिज (तोडकामाचा राडारोडा) भरलेला एक डंपर माझ्या पुढे चालला होता, ताडपत्री नव्हतीच. एका उंचवट्यावर तो उडाला आणि वरून काहीतरी येऊन बॉनेटवर आणि काचेवर आदळलं. काच पूर्ण तडकली, बॉनेटला खड्डा. सिग्नलला त्याला गाठून नंबर प्लेटचा फोटो काढला तर ड्रायव्हर म्हणतो "मॅडम रस्त्यावरचा दगड टायरने उडाला, माझा काय संबंध". एजंट म्हणतो स्वतःच्या इन्शुरन्समधून करून घ्या आणि विसरा. गॅरेजवाल्याने २२,००० सांगितलेत, माझा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ३५ टक्के आहे. मी का भरायचं? नंतर वायपरच्या खालच्या जाळीत निळ्या बाथरूम टाइलचा एक तुकडा सापडला तो मी ठेवलाय.

उत्तर : ताई, तो तुकडा जपून ठेवा, तुमच्या केसमधला तोच सगळ्यात मोठा साक्षीदार आहे.

अशा प्रकरणात आधी एकच बघायचं, ती वस्तू तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी कुठे होती. दुसऱ्याच्या गाडीवर लादलेली होती आणि तिथून सुटली, तर जबाबदारी त्या गाडीचा ड्रायव्हर आणि मालक यांची, कारण माल नीट बांधणं, झाकणं, मागचा फाळका घट्ट लावणं हे त्यांचं काम आहे, आणि नीट बांधलेला माल आपोआप खाली पडत नसतो. रस्त्यावर सुटा पडलेला खडा पुढच्या गाडीच्या टायरखाली येऊन उडाला तर मात्र त्या ड्रायव्हरची काही चूक धरता येत नाही, तो बिचारा सरळ चालला होता. डंपरवाला नेमकं हेच म्हणतोय, आणि हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही.

पण वस्तू खोटं बोलत नाही. टायरने उडवलेला खडा बहुतेक वेळा लहान असतो, काचेला एका जागी चांदणीसारखा टवका पाडतो, बॉनेटला खड्डा पडणं कठीण. वरून पडलेला माल बॉनेटवर आपटून मग काचेवर जातो, आणि सोबत भुकटी येते. तुमच्या वायपरच्या जाळीत टाइलच्या तुकड्याबरोबर सिमेंटची पांढुरकी पूडही असणार, गाडी अजून धुतली नसेल तर धुऊ नका, दिवसाच्या उजेडात जवळून फोटो काढा, तुकड्याशेजारी गाडीची चावी ठेवून एक फोटो घ्या म्हणजे आकार कळेल. एक्सप्रेस हायवेवर बाथरूमची निळी टाइल कुठून येणार? कुणाचं तरी तोडलेलं न्हाणीघर त्या डंपरमध्ये होतं, बस.

आता करायचं काय. ज्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत हे झालं तिथे लेखी तक्रार द्या, तारीख, वेळ, जागा, डंपरचा नंबर, ताडपत्री नव्हती हे स्पष्ट लिहा आणि पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. "इन्शुरन्स आहे ना, मग कशाला" असं सांगून परत पाठवायला बघतील, शांतपणे बसून राहा. सार्वजनिक रस्त्यावर आपल्या ताब्यातल्या वस्तूने धोका निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे, ५,००० रुपयांपर्यंत दंड. माल बॉडीच्या बाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० चा दंड वेगळा. मुंबई महापालिकेनेही ऑक्टोबर २०२३ च्या प्रदूषणाच्या नियमांत बांधकामाचा माल पूर्ण झाकून न्यायला सांगितलंय. त्याच अर्जात हायवेच्या सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवायची विनंती करा, महिना होऊन गेलाय तर आजच जा, जुनं फुटेज पुसलं जातं. डॅशकॅम असेल तर मूळ मेमरी कार्ड काढून ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप पुढे कोर्टात कमी पडते.

पैशाचं. डंपरला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान ७.५ लाखांपर्यंत धरलेलं असतं. ते मागायचं तर मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करावा लागतो, मुदत सहा महिने. २२,००० साठी वकील, तारखा, हे सगळं करायचं का? माझं मत, आधी मालकाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, पोलीस तक्रारीची प्रत आणि फोटो जोडा, ठराविक दिवसांत पैसे द्या नाहीतर प्राधिकरणात जाते असं लिहा. नुकसान खरं असलं आणि कागद पक्के दिसले की मालक बऱ्याचदा मिटवून घेतात, त्यांना गाडी पोलीस स्टेशनला उभी राहणं जास्त महागात पडतं.

आणि एजंटचं "विसरा" ऐकायच्या आधी जरा हिशोब करा. तुमच्या ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ प्रीमियम साधारण ९,००० धरू. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी बोनस ४५ टक्के, नंतर ५०. क्लेम केलात तर शून्यावरून परत २०, २५, ३५, ४५ असं चढत जायचं. दर वर्षीचा फरक मांडला तर ४,०५०, मग २,७००, मग २,२५०, मग १,३५० आणि ४५०, म्हणजे पाच वर्षांत १०,८००. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, दहा हजाराच्या आसपास धरा. खर्च ७-८ हजाराचा असता तर मी खिशातून भरा म्हटलं असतं. २२,००० ला क्लेम करण्यात फायदा आहे, काचेवर घसाराही (पार्ट जुना झाला म्हणून होणारी कपात) कापत नाहीत. फक्त तेच नुकसान दोनदा घेता येत नाही हे लक्षात ठेवा, तुमच्या कंपनीने दिलं की तेवढी वसुली डंपरवाल्याकडून करायचा हक्क कंपनीकडे जातो, तुम्ही मालकाकडे पॉलिसीने न दिलेली रक्कम मागायची. त्यामुळे आधी पत्र, उत्तर नाहीच आलं तर क्लेम. पण कंपनीला घटना लगेच कळवून ठेवा, आजच, उशीर झाला म्हणून नाकारायला त्यांना जागा देऊ नका.

प्रश्न : सर, बोरिवली वेस्टला आमच्या इथे रस्त्याचं काँक्रीटचं काम चालू आहे, फूटपाथचे पेव्हर ब्लॉक काढून कडेला रचून ठेवलेत आणि त्यातले चार-पाच कायम रस्त्यात पडलेले असतात. रात्री लाइट नव्हती, माझी गाडी एका ब्लॉकवरून गेली, खालून जोरात आवाज आला. मी थोडं थांबून बघितलं, काही दिसलं नाही, म्हणून घरी निघालो, साधारण चार किलोमीटर. शेवटी डॅशबोर्डवर लाल दिवा लागला होता पण घर आलंच होतं. सकाळी गाडी चालूच होईना. ऑइल चेंबर फुटला आणि इंजिन सीझ, म्हणजे जाम. कंपनी म्हणते चेंबरचे पैसे देऊ, इंजिनचे नाही. हा काय न्याय झाला? आणि ज्यांनी ब्लॉक टाकले त्यांचं काहीच नाही का?

उत्तर : दादा, कडू वाटेल पण खरं सांगतो, इंजिनच्या बाबतीत कंपनीची बाजू भक्कम आहे. पॉलिसीत अट असते की अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. ब्लॉकने चेंबर फोडला, इंजिन मात्र तेलाशिवाय चार किलोमीटर चालवल्याने गेलं. तो लाल दिवा, तेलाच्या किटलीसारखा, तो लागला की घर समोर दिसत असलं तरी चावी फिरवून बंद करायची आणि टोइंगला फोन करायचा. खालून आवाज आला की दहा मिनिटं गाडी एका जागी उभी ठेवून खाली वर्तमानपत्राचा कागद सरकवायचा, त्यावर काळा थेंब पडला तर गाडी हलवायची नाही. हे मी दर पावसाळ्यात सांगतो आणि तरी दर पावसाळ्यात दोन-तीन इंजिनं अशी जातातच, आणि माणसाचे लाख-दीड लाख बुडालेले बघवत नाहीत.

एक मुद्दा मात्र तपासा. तुमच्याकडे इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं इंजिनचं संरक्षण) आहे का? असलं तर त्यातल्या अटी वाचा, तेल गळून झालेलं नुकसान बऱ्याच कंपन्या त्यात घेतात. कंपनीने लेखी नकार दिला आणि तो तुम्हाला पटला नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ वेस्टला एस. व्ही. रोडवर आहे, फी नाही, वकील लागत नाही.

आता ब्लॉक टाकणाऱ्यांचं. आधीच रस्त्यात पडलेल्या वस्तूचं प्रकरण उडालेल्या मालापेक्षा अवघड, कारण रस्ता सांभाळणारा म्हणतो मला माहितीच नव्हतं, आत्ताच कोणीतरी टाकला असेल. म्हणून तिथे सगळा मुद्दा येतो तो किती दिवस पडला होता आणि कोणाला ठाऊक होतं यावर. तुम्ही स्वतः लिहिलंय "कायम पडलेले असतात", मग हे सिद्ध करा. सोसायटीतल्या, आजूबाजूच्या कोणी पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार केली असेल तर तिचा नंबर आणि तारीख गोळा करा, तुमच्या अपघाताच्या आधीची एक तक्रार सापडली तरी "माहिती नव्हतं" हे म्हणणं संपलं. जुन्या तक्रारी माहिती अधिकारातही मागता येतात. कामाच्या ठिकाणी पाटी असते, त्यावर कंत्राटदाराचं नाव, कामाचा कालावधी, पाटीचा फोटो काढा. बॅरिकेड, रिफ्लेक्टर, रात्रीचा दिवा काही नव्हतं ना, तेही रात्रीच जाऊन टिपा.

आणि तो ब्लॉक अजून तिथे असेल तर उचलून आणा. मी एकदा असाच एक ब्लॉक हातात घेऊन बघितला होता, राखाडी सिमेंटच्या कोपऱ्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत रेघोटा होता, आणि फुटलेल्या चेंबरच्या कडेला तसाच सिमेंटचा पांढरा ओरखडा. कोणी वाद घालायला राहिलं नाही.

पत्र दोघांना द्या, कंत्राटदाराला आणि पालिकेच्या आर मध्य वॉर्डच्या सहाय्यक आयुक्तांना. कंत्राटदाराकडे बहुतेक कामाचा विमा असतो आणि त्यात बाहेरच्या माणसाचं नुकसान धरलेलं असू शकतं, ते विचाराच. पालिकेवर दावा लावायची वेळ आली तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याप्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस आधी द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत, त्यामुळे उगाच हेलपाटे मारण्यात चार महिने घालवू नका. मागताना चेंबर, टोइंग, कापलेला घसारा एवढं मागा. इंजिनचं मागितलं तर तेही हाच प्रश्न विचारणार, लाल दिवा दिसल्यावर थांबला का नाहीत.

रस्ता कोणाचा हेही सगळीकडे सारखं नसतं. शहरातले बहुतेक रस्ते पालिकेचे, दोन्ही एक्सप्रेस हायवेही आता पालिकेकडे आलेत, पण सी लिंक आणि पुणे एक्सप्रेसवे रस्ते विकास महामंडळाचे, अटल सेतू एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा). पत्र चुकीच्या ऑफिसला गेलं की ते महिनाभर ठेवून "आमचं नाही" म्हणून परत येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमी झाला तर ५०,००० ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितली, बरेच वाचक त्याचा हवाला देतात, पण तो आदेश माणसांसाठी आहे, गाडीच्या नुकसानीला तो लावता येणार नाही.

प्रश्न : मी कुर्ल्याचा, माझा स्वतःचा टेम्पो आहे. सायन-पनवेल हायवेवर माझ्या टेम्पोतून प्लायची शीट उडाली आणि मागच्या कारच्या पुढच्या भागावर बसली. दोरी बांधली होती, वाऱ्याने सुटली. कारवाला ६०,००० मागतोय, मित्र म्हणतात तो फार जवळून चालवत होता, देऊ नको.

उत्तर : तुम्ही पळून न जाता थांबलात आणि इथे विचारताय, हे खूप चांगलं केलंत. पण दोरी सुटली म्हणजे दोरी पुरेशी नव्हती, वाऱ्यावर ढकलता येत नाही, हायवेवर वारा असणारच. प्लायला एक दोरी कधीच पुरत नाही, वारा शीटच्या खाली शिरला की तिचा पंख होतो, आडव्या दोन रॅचेट (घट्ट आवळायच्या) पट्ट्या आणि पुढच्या कडेला आडवी लाकडी पट्टी लागते.

कारवाला खरंच चिकटून चालवत असेल तर त्याच्या वाट्याची काही टक्के चूक धरली जाऊ शकते, पण तेवढ्याने तुमची पूर्ण सुटका होणार नाही. लगेच तुमच्या विमा कंपनीला लेखी कळवा. कंपनीला न विचारता "पूर्ण चूक माझी, ६०,००० देतो" असं सही करून देऊ नका, नाहीतर कंपनी हात वर करते. पॉलिसी काढून मालमत्ता नुकसानीची मर्यादा बघा, काही टेम्पोवाले प्रीमियममध्ये थोडी सूट मिळावी म्हणून ती ७.५ लाखांवरून ६,००० वर आणून ठेवतात आणि मग वरचे सगळे स्वतःच्या खिशातून जातात. तुमची ७.५ लाखांची असेल तर कारवाल्याला पॉलिसी नंबर द्या, पोलिसात दोघं मिळून नोंद करा, त्याला मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करू द्या. ६,००० ची निघाली तर त्याच्या गॅरेजचं एस्टिमेट मागून घ्या आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन स्वतः जाऊन कार बघा, ६०,००० मधलं खरं किती आणि वाढवलेलं किती ते तिथेच कळेल, आणि समोर गेलात तर हप्त्यांचंही बोलता येईल.