चार वर्षांचा पोरगा आणि चाळीस जणांची यादी

"ताई, माझा मुलगा पुढच्या महिन्यात चार वर्षांचा होतोय. वाढदिवस घरीच करायचाय. नवऱ्याने आत्ताच चाळीस जणांची यादी काढलीये, त्याच्या ऑफिसचे, शेजारचे, दोन्हीकडचे नातेवाईक. सासूबाई म्हणतात एवढी माणसं घरात कशी मावणार, हॉल घ्या. नणंद म्हणते केक-चॉकलेट नकोच, साखरेने पोरं चेकाळतात. मागच्या वर्षी केक कापताना दिवे घालवले तर तो इतका रडला की शेवटपर्यंत बेडरूममध्ये बसला, व्हिडिओत केक आम्ही दोघंच कापतोय. या वेळी सगळं परफेक्ट व्हायला हवं. मी नोकरी करते, रोज त्याला वेळ देता येत नाही, निदान वाढदिवस तरी दणक्यात व्हावा. थीम ठरत नाहीये, रात्री झोप लागत नाहीये. – दमलेली आई"

अगं दमलेली आई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हिला थीम पाहिजे, चला दोन-चार सुचवू या. दुसऱ्यांदा त्या "निदान वाढदिवस तरी" वर अडकले. म्हणजे ही पार्टी नाहीये गं, हा माफीनामा आहे. वर्षभर ऑफिसला जाते त्याची भरपाई एका संध्याकाळी करायला निघालीयेस तू, आणि भरपाई म्हटली की ती कितीही केली तरी कमीच वाटते, म्हणून थीम ठरत नाही, म्हणून झोप नाही. त्याच्याकडे तुझा असला काही हिशोब नाहीये. त्याला रोज संध्याकाळी तू दारात दिसलीस की तुझ्या पायाला मिठी मारायची असते, एवढंच. तेव्हा भरपाई बाजूला ठेव, मग पार्टी एकदम सोपी आहे, बघ.

आधी मागच्या वर्षीचं रडणं. तू लिहिलंयस तसं की जणू त्याने पार्टीचा विचका केला. जरा त्याच्या उंचीवरून बघ ना. तीन वर्षांचं पोर, समोर आग लावलेला केक, अचानक काळोख, अंधारात वीस-तीस मोठी माणसं एकदम मोठ्याने गायला लागतात, सगळ्यांचे मोबाईल त्याच्या तोंडावर, आणि कुणीतरी कानाजवळ पार्टी पॉपर फोडतं. मी पण रडले असते. या वेळी दिवे चालू ठेव, पॉपर आणूच नका, तो तुझ्या कडेवर किंवा मांडीवर असू दे, आणि चार-पाच दिवस आधी घरात खोटा खोटा केक कापायचा खेळ खेळा. बिस्किटावर काडी खोचा, फुंकर मारा, हळू आवाजात गाणं म्हणा. त्याला पुढे काय होणार ते माहीत असलं ना की निम्मी भीती जाते. आणि त्या दिवशी नाहीच कापायचा म्हणाला तर नाही, तू काप. पापे घ्यायला, फोटोला उभं राहायला त्याला ढकलायचं नाही, नातेवाईक कितीही लाडाने म्हणू देत.

आता चाळीस. मुलाचं वय जेवढं तेवढी मुलं, फार तर एखाद-दुसरं जास्त, असा एक जुना ठोकताळा आहे आणि माझ्या अनुभवात तो चुकत नाही. म्हणजे पाच-सहा. या वयात मुलं नुकतीच एकत्र खेळायला शिकत असतात, त्याआधी ती शेजारी शेजारी बसून आपापलंच खेळतात. (मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी 1932 साली नर्सरीतल्या मुलांना बघून हे टप्पे लिहून ठेवलेत.) पंधरा मुलं आणलीस तर खेळ होत नाही, गर्दी होते. आणि मोठ्या माणसांची पार्टी ही वेगळीच गोष्ट आहे, तिच्यात गप्पा असतात, उशीर असतो, उभ्याने खाणं असतं. दोन्ही एकत्र केल्या की मुलं कंटाळतात आणि मोठी वैतागतात. तेव्हा नवऱ्याला सांग, तुझे पाहुणे दुसऱ्या दिवशी, आणि ते सगळं तू करायचं, निरोप, खाणं, भांडी, सगळं. बघ यादी आपोआप किती होते. भांडू नकोस हां, गोड बोलूनच सांग, पण सांग.

सासूबाईंचं हॉलचं म्हणणं चुकीचं नाही, त्या चाळीस माणसांनाच घाबरल्यात. सहा मुलं म्हटलीस की त्या घरालाच हो म्हणतील. आणि त्यांना खरं काम दे, नुसतं सोफ्यावर बसवू नकोस. प्रत्येक पार्टीत एक तरी बुजरं मूल असतं जे कोपऱ्यात उभं राहतं, त्याला मांडीवर घेऊन गोष्ट सांगणारं माणूस लागतंच, आणि ते काम आजीइतकं कुणाला जमत नाही.

नणंदेचं साखरेचं मात्र मजेशीर आहे. साखरेने मुलं चेकाळतात हे सगळ्यांना इतकं पक्कं वाटतं, पण 1995 मध्ये तेव्हापर्यंतच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून तपासलं तर साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिलीये, प्रत्यक्षात दिली नव्हतीच. तरी त्यांना आपली मुलं जास्त चेकाळलेली वाटली, आणि व्हिडिओत दिसलं की त्या आयाच मुलांच्या जास्त मागे मागे होत्या, जास्त टोकत होत्या. म्हणजे आईच्या डोक्यात जे शिरतं ते पोरापर्यंत जातं. पोरं चेकाळतात ती माणसांमुळे, फुग्यांमुळे, झोप मोडल्यामुळे. साखर दातांना वाईट म्हणून बेताने दे, पण वाढदिवसाला केक नको हे काही खरं नाही.

वेळ. दोन तास, बास. आणि त्याच्या झोपेच्या वेळेला हात लावायचा नाही. सकाळी साडेदहा ते साडेबारा मला सगळ्यात आवडतं, मुलं ताजी असतात आणि संपलं की घरी जाऊन झोपतात. सगळे आल्यावर केक कापू हा घोळ घालू नकोस. कुणीतरी तासभर उशिरा येणारच, तोवर उत्सवमूर्ती भुकेने आणि झोपेने पिसाळलेला असतो. पाऊण तास झाला की काप, जो नसेल तो नसेल.

पहिली पंधरा-वीस मिनिटं असं काहीतरी ठेव ज्यात कधीही येऊन बसता येतं, जमिनीवर मोठा कागद अंथरून खडू, नाहीतर चिकणमाती. मग एखाद-दोन खेळ. संगीत खुर्ची नको, चार वर्षांच्या मुलाला आऊट म्हणजे काय ते कळत नाही, त्याला वाटतं मला हाकललं. त्याऐवजी गाणं थांबलं की पुतळा व्हायचं, आऊट कुणीच नाही. साबणाचे फुगे, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून फेकाफेक, हे कधी फसत नाही. माणूस बोलावून कार्यक्रम वगैरे नको. माझ्या मोठीच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी हौसेने जादूगार बोलावला होता. त्याने काळा कोट घालून हातातून धूर काढला, तीन पोरं किंचाळून टेबलाखाली गेली आणि अर्धा तास जादू फक्त बाबालोकांनी बघितली, टाळ्या वाजवून हां.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. त्याची खेळणी. आपली लाडकी गाडी दुसऱ्याच्या हातात बघून मूल रडतं आणि आपण सगळ्यांसमोर म्हणतो, शेअर कर ना बाळा. आदल्या दिवशी त्यालाच विचार, कुठली खेळणी कुणाला द्यायची नाहीत? ती त्याच्याच हाताने कपाटात ठेवायला लाव. बाहेर राहिली ती सगळ्यांची.

थीमवर मी काही बोलणार नाही, त्याला काय आवडतं ते त्यालाच विचार, खोदयंत्र म्हणाला तर खोदयंत्र. कागदाची चार चित्रं लावलीस की झाली थीम. पण फुग्यांबद्दल बोलणार आहे आणि इथे मी कडक आहे. न फुगवलेले आणि फुटलेले रबरी फुगे मुलं तोंडात घालतात, ते रबर घशात चिकटून बसतं आणि श्वास बंद होतो. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती न फुगवलेला फुगा द्यायचा नाही, फुटला की तुकडे लगेच उचलायचे, हे काम एका माणसाला नेमूनच दे. वर तरंगणारे फुगे आणणार असाल तर त्यात हेलियमच आहे ना ते आधी विचार, हायड्रोजन असेल तर मेणबत्तीजवळ भडका उडतो. आवाज बदलायला हेलियम ओढणाऱ्या काकांना पण आवर, ते फुफ्फुसातला ऑक्सिजन बाजूला सारतं. स्प्रेचा फेस उडवायची फॅशन आहे, त्यातला वायू बरेचदा पेट घेणारा असतो, जळत्या केकजवळ नकोच नको. आणि वाजणाऱ्या मेणबत्तीत, लुकलुकणाऱ्या खेळण्यात बटणाएवढी बॅटरी असते. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. रिटर्न गिफ्टमध्ये असलं काही नको, एक पुस्तक किंवा खडूंची पेटी पुरे.

खाण्यात अख्खी द्राक्षं देऊ नकोस, उभी चिरून चार फाका कर. अख्खा सुकामेवा आणि पॉपकॉर्न या वयाला नाहीच. आणि निरोप देतानाच प्रत्येक आईला विचार, कशाची ॲलर्जी आहे का. लोक आपणहून सांगत नाहीत, विचारलं की मात्र तीन ओळी लिहून पाठवतात. फुंकर मारली की केकवर थुंकी उडते, हो, उडतेच. 2017 मध्ये अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या लोकांनी मोजलं तर क्रीमवरचे जंतू सरासरी चौदा पटीने वाढले होते. मी त्यावरून घर डोक्यावर घेत नाही, पण त्याला सर्दी असेल तर मेणबत्ती वेगळ्या छोट्या केकवर लाव, मोठा तसाच राहू दे.

आता तुझी नोकरी. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जी सुट्टी तू डेकोरेशनसाठी काढणार आहेस ना, काढणारच आहेस मला माहितीये, ती दुसऱ्या दिवशी काढ. सजावट आदल्या रात्री नवरा आणि नणंद करतील, तिरकी लागली तर लागू दे. आणि दुसऱ्या दिवशी नवीन खेळणी जमिनीवर पसरून त्याच्याबरोबर लोळ. नवऱ्याचे पाहुणे संध्याकाळी येतील, त्यांची तयारी नवरा करतोच आहे.

आणि निमंत्रणात सुरू व्हायची वेळ सगळेच लिहितात, तू संपायची पण लिही, साडेदहा ते साडेबारा, अगदी स्पष्ट. लाजू नकोस. घ्यायला कधी यायचं ते कळलं की बाकीच्या आयांना पण बरं वाटतं, दोन तास त्यांना पण मोकळे मिळतात.

– तुझी ताई