तारणाऱ्याचे अभिवचन मुळात कोणाला दिले होते, आणि तारण म्हणजे नेमके काय?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: ख्रिस्ती लोक ज्याला तारणाऱ्याचे अभिवचन म्हणतात ते मुळात कोणाला दिले गेले, तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाणे एवढेच का, आणि तारणारा येऊन गेला असेल तर जगात अजून इतके दुःख कसे. मी स्वतः ख्रिस्ती विश्वास धरणारा आहे, त्यामुळे हे उत्तर त्या विश्वासाच्या आतून लिहिलेले आहे, असे समजून वाचावे.

हे अभिवचन पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, हळूहळू उलगडत जाते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात मनुष्याने आज्ञा मोडल्यावर देव सर्पाला सांगतो की स्त्रीची संतती तुझे डोके फोडील. ख्रिस्ती परंपरेला या वचनात तारणाऱ्याची पहिली चाहूल लागते. पुढे अब्राहामाला सांगितले जाते की तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील, आणि दावीद राजाला सांगितले जाते की तुझे राजासन सर्वकाळ स्थिर राहील. १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’तही हाच क्रम आहे: पहिल्या पुराणात निर्मिती, पतन आणि तारणाऱ्याची प्रतीक्षा येते, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र.

यहुदी, म्हणजे इस्राएलाच्या, लोकांच्या मनात सर्वांत खोल रुजले ते दावीदाला दिलेले वचन. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त केले व दावीदाच्या वंशाचे राज्य संपले, इ. स. पू. ६३ मध्ये ते शहर रोमी सेनापती पाँपे याच्या हाती गेले. अशा लोकांनी दावीदाच्या कुळातला राजा येईल आणि परक्यांचे जोखड मोडील अशी आस धरली, यात मला काहीही गैर दिसत नाही. येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूनंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर चाललेले त्याचे दोन शिष्यही हेच बोलतात, की इस्राएलाची मुक्तता करणारा तोच असेल अशी आमची आशा होती.

मात्र त्याच शास्त्रात यशयाच्या ग्रंथाचा ५३वा अध्याय आहे. त्यात देवाचा सेवक तुच्छ मानलेला, दुःखाशी परिचित असलेला आहे. तो इतरांच्या अपराधांमुळे घायाळ होतो आणि वधाला नेलेल्या कोकराप्रमाणे तोंड उघडत नाही. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीत हा अध्याय आहे, आणि अभ्यासक ती गुंडाळी येशूच्या जन्मापूर्वीची मानतात. म्हणजे हे वर्णन ख्रिस्ती लोकांनी मागाहून रचलेले नाही. यहुदी भाष्यकारांपैकी अनेकांनी या सेवकात दुःख भोगणारे इस्राएल राष्ट्रच पाहिले आहे, आणि त्या वाचनाला ग्रंथात आधारही आहे, कारण आधीच्या अध्यायांत इस्राएलालाच सेवक म्हटले आहे. तरीही इस्राएलाचे सारे दुःख ज्याने एकट्याने अंगावर घेतले तो येशू, असे मी मानतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत योसेफाला सांगतो की तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. रोमी सत्तेचा तेथे उल्लेखही नाही. परकी सत्ता गेली तरी लोभ, द्वेष आणि देवापासूनची फारकत माणसाच्या आत तशीच राहते, आणि अभिवचनाचा रोख तिथवर आहे.

आता तारणाविषयी. यासाठी मला लूकच्या १९व्या अध्यायातील जक्कयाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. यरीहोतला हा मुख्य जकातदार श्रीमंत होता आणि लोकांच्या लेखी पापी होता. ठेंगणा असल्यामुळे तो उंबराच्या झाडावर चढला, आणि येशूने त्याला हाक मारून सांगितले की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. येथे क्रम लक्षात घ्यावा: जक्कयाने काहीही सुधारण्यापूर्वी येशू त्याच्याकडे जातो. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की मी माझे अर्धे धन गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. ‘आज’ म्हणतो, मृत्यूनंतर नव्हे. स्वर्गाची आशा तारणात निश्चितच आहे, परंतु तारणाचा आरंभ देवाशी तुटलेला संबंध जुळण्यात आहे, आणि त्याची खूण जक्कयाच्या तिजोरीपर्यंत पोहोचली.

कृपा आधी आणि सत्कर्मे नंतर, हाच क्रम येशूचा प्रेषित पौल इफिसकरांस पत्रात मांडतो: तारण विश्वासाद्वारे कृपेनेच झालेले आहे, ते देवाचे दान आहे, आणि आपण सत्कर्मांसाठी निर्माण केलेले आहोत. विश्वास आणि कर्मे यांच्या नात्यावरून सोळाव्या शतकात पाश्चात्त्य मंडळी, म्हणजे चर्च, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट (त्यांतलेच लूथरन) अशी दुभंगली. १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन विश्व महासंघ यांनी या प्रश्नावरील मूलभूत सहमतीच्या घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. सर्व मतभेद त्याने मिटले नाहीत, पण मनुष्य स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर कृपेने देवाला स्वीकारार्ह ठरतो, हे दोघांनी एकत्र कबूल केले.

राहिला आपला तिसरा प्रश्न, आणि तो खरोखर कठीण आहे. मशीहा, म्हणजे अभिवचनातला तारणारा राजा, आला असता तर युद्धे थांबली असती, हा आक्षेप यहुदी विचारवंत शतकानुशतके घेत आले आहेत. नवा करार, म्हणजे बायबलाचा येशूविषयीचा भाग, तोही जग बरे झाले आहे असा दावा करत नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय म्हणतो की सारी सृष्टी अजून कण्हत आहे आणि आम्हीही आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आहोत. प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात अश्रू, मृत्यू आणि शोक नाहीसे होण्याची गोष्ट भविष्यकाळातच सांगितलेली आहे. येशूचे पुनरुत्थान हे पौलाच्या दृष्टीने त्या पुढच्या कापणीचे प्रथमफळ, म्हणजे येणाऱ्या पिकाची पहिली खूण, आहे. म्हणून अभिवचनाचा एक भाग पूर्ण झाला आणि दुसरा अजून यायचा आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. आणि मधल्या काळात जक्कयाने जे केले, म्हणजे हिसकावलेले परत करणे आणि आपले वाटून देणे, ते तारण लाभलेल्या प्रत्येकाकडून अपेक्षित आहे.