चाळणीवर उरलेला खडा

माती-पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमचं मोरड (उंचावरचं, पावसावरचं भातशेत) गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, डोंगराच्या अंगाला आहे. मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यातून, शेणखतातून मातीत आलेला कार्बन) 1.4 टक्के आणि शेरा 'जास्त'. कर्ब जास्त असला की माती पाणी धरून ठेवते, असं सगळेच सांगतात. पण चवथीनंतर पावसानं आठ दिवस ओढ दिली, की आमचं भात ऐन निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) माना टाकतं. खालच्या कुणग्यातलं (खाचरातलं) शेजाऱ्यांचं भात मात्र हिरवंगार. मग पत्रिका चुकली की आमचं काही चुकतंय? मी दोन वर्षं झाली नोकरी सोडून शेती करतोय. (पेडणे, वय 29)

उत्तर : पत्रिका खरी आहे आणि तुझं भात माना टाकतं, तेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे कळायला प्रयोगशाळेच्या टेबलापाशी यावं लागेल. मी त्या टेबलापाशी सव्वीस वर्षं उभी होते.

तुझी माती पिशवीतून आली की आधी सावलीत वाळवतात, लाकडी हातोडीनं ढेकळं फोडतात आणि 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. खाली पडते ती 'माती'. तिच्यातली आणखी बारीक केलेली ग्रॅमभर माती काचेच्या चंबूत घेतात. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि वर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. चंबू एवढा तापतो की हात लावता येत नाही. त्या उष्णतेत कर्ब जळतो आणि जळताना नारिंगी रंग हिरवटाकडे वळतो. अर्ध्या तासानं पाणी घालून उरलेलं डायक्रोमेट मोजलं, की कर्ब किती जळला ते कळतं. 1934 पासून वापरात असलेली ही वॉकली-ब्लॅक पद्धत. कर्ब 0.75 टक्क्यांच्या वर गेला की पत्रिकेवर 'जास्त' असा शेरा पडतो.

आता चाळणीच्या वरच्या बाजूला काय राहिलं ते बघ. आपल्या जांभ्या जमिनीत चाळणीवर खडा उरतो, वाटाण्याएवढा, सुपारीएवढा, तांबडा-काळा. तो खडा आम्ही वजन न करता मागच्या दारी टाकून द्यायचो. मी स्वतः अकरा वर्षं तेच केलं. फॉर्मवर त्या खड्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. सत्तरी तालुक्यातला एक म्हातारा शेतकरी एकदा पत्रिका हातात घेऊन आला आणि म्हणाला, "बाय, हे माझ्या शेताचं नव्हे. माझ्या शेतात अर्धे खडे आहेत, ते कुठं गेले?" त्या दिवसापासून मी खडा वजन करून पत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायला लागले. त्याआधी ज्यांच्या पत्रिका मी नुसत्या आकड्यानिशी दिल्या, त्यांचं मला आजही वाईट वाटतं.

तुझ्या शेताचा हिशेब मांडू. दहा किलो वाळलेल्या मातीत चार किलो खडा निघाला, तर 1.4 टक्के कर्ब आहे तो उरलेल्या सहा किलोत. दहा किलोवर धरला तर तो 0.84 टक्के होतो. पाण्याचंही तसंच. खडा पाणी फारसं धरत नाही, त्यानं जागा मात्र अडवलेली असते. तू पाठवलेल्या फोटोत खड्ड्याच्या कडेला तांबडी माती जेमतेम वीतभर दिसते, खाली लगेच चिरा (जांभा दगड). पाणी साठवायला तुझ्याकडे तेवढीच वीतभर जागा, आणि तिच्यातही खडे.

दुसरी गोष्ट जरा मन घट्ट करून वाच. कर्ब वाढला की माती खूप पाणी धरते, हे अनेकदा फुगवून सांगितलं जातं. जगभरातल्या मोजमापांचा एकत्र आढावा 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी असं निघालं, की कर्ब वजनानं एक टक्क्यानं वाढला तर 10 सेंटिमीटर जाडीच्या थरात पिकाला मिळण्याजोगं पाणी जेमतेम 1.2 मिलिमीटरनं वाढतं. ऊन असताना भात दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी पितं. म्हणजे टक्काभर कर्ब वाढवण्यात आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली, तरी भाताची एका दिवसाचीही तहान त्यातून भागत नाही.

मग शेणखत घालायचं कशाला? पाणी आत शिरावं म्हणून. कर्बामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यांची भुरभुरीत कणी तयार होते आणि कण्यांच्या मधून पाणी खाली उतरतं. कणी नसलेल्या उघड्या मातीवर पहिल्या सरी आपटल्या, की वर साय धरते आणि पुढचं पाणी तिच्यावरून घसरत जातं. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढं पाणी आपल्या दारावरून जात असताना त्यातलं किती आत आलं आणि किती मेरेवरून (शेताच्या मातीच्या बांधावरून) ओहोळात गेलं, यावर तुझे ते आठ दिवस ठरतात. आणि वरून जाणारं पाणी रिकाम्या हातानं जात नाही, सगळ्यात हलकी, कर्बानं भरलेली माती तेच आधी उचलतं. ओहोळाचं पाणी लालभडक झालेलं दिसलं, की मला ते बघवत नाही.

हे घरी मोजता येतं. दुधाच्या पावडरीचा 15 सेंटिमीटर रुंदीचा डबा घे, दोन्ही बाजू कापून मोकळा कर, आणि भात कापून झाल्यावर लाकडी फळी ठेवून तो 5 सेंटिमीटर मातीत ठोक. आत 440 मिलिलिटर पाणी ओत. हा झाला 25 मिलिमीटर पाऊस. पाणी पूर्ण जिरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून लिही. पहिल्यांदा माती कोरडी असते म्हणून पाणी भरभर जातं. लगेच दुसऱ्यांदा ओत आणि ती दुसरी वेळ खरी धर. मोरडाच्या मधोमध, मेरेच्या मुळाशी आणि बांधावरच्या काजूखाली अशा तीन ठिकाणी कर. काजूखालचा पाला बाजूला करून डबा ठोकताना हातालाच फरक कळेल.

शिवाय मेर बघ. खेकड्यांची बिळं कुणग्याच्या आतून बाहेरपर्यंत गेलेली असतात आणि रात्रभर पाणी तिथून सुटतं. सकाळी मेरेच्या बाहेरच्या अंगानं चालत जा. कोरड्या दिवसांत जिथं माती ओली, तिथं बीळ. चिकणमातीचा गोळा करून पायानं दाबून बसव. खताच्या गाडीआधी हे काम.

पुढच्या वर्षासाठी एवढंच सांगते, भात कापल्यावर जमीन उघडी टाकू नकोस. ओल आहे तोवर अळसांदे (चवळी) टाक, धसकटं जाळू नकोस. मुळांतून जमिनीत गेलेला कर्ब वर पसरलेल्या पाल्यापेक्षा जास्त टिकतो, आणि कुजलेल्या मुळाची वाट पुढच्या पावसात पाण्याला मिळते. इंग्लंडात रॉथमस्टेड इथं एका तुकड्याला 1852 पासून 1871 पर्यंत दरवर्षी शेणखत दिलं आणि मग बंद केलं. कधीच खत न दिलेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा त्या मातीत दीडशे वर्षांनंतरही कर्ब जास्त आहे. मात्र ती थंड हवेची जमीन. आपल्याकडे उष्मा आणि ओल एकत्र, कुजण्याचा वेग कितीतरी जास्त. इथं दरवर्षी थोडं थोडं घालत राहावं लागतं.

प्रश्न : आमचा कुणगा डोंगराच्या पायथ्याशी आहे. मेरेच्या कोपऱ्यात पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो. पॉवर टिलरचं डिझेल सांडतं म्हणून मी टिलरवाल्याशी भांडले. तो शपथेवर नाही म्हणतो. त्या बाजूच्या भाताची पानंही तांबूस पडतात. (माशेल)

उत्तर : ताई, आधी एक काडी घ्या आणि तवंगावर हलकेच मारा. पापुद्रा फुटल्यासारखे त्याचे तुकडे होऊन ते वेगवेगळे राहिले, तर ते लोह आहे. काडीभोवती फिरून तवंग पुन्हा जुळून आला, तर तेल. तुमच्या वर्णनावरून, विशेषतः पानांवरून, मला लोहच वाटतं. तसं निघालं तर टिलरवाल्याला चहाला बोलवा.

होतं असं, की पाणी साचलं की मातीतली हवा संपते. तिथल्या सूक्ष्म जिवांना कर्ब खायचा असतो, पण श्वासाला प्राणवायू नसतो. मग ते तांबड्या मातीतलं लोह श्वासासाठी वापरतात. ते लोह विरघळून पाण्यात येतं आणि वर हवा लागली की त्याचा तो पातळ पापुद्रा धरतो. जांभ्या डोंगराचं पाझराचं पाणी असं लोह घेऊनच खाली येतं. ते जास्त झालं की जुन्या पानांच्या टोकाकडून तपकिरी ठिपके सुरू होतात. लोह संपल्यावर जिवांची आणखी एक जात पुढे सरसावते आणि मिथेन तयार होतो. चिखलात पाय टाकला की येणारे बुडबुडे बहुतांशी तेच. खाजनात (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल शेतात) खाऱ्या पाण्यातलं सल्फेट असतं, म्हणून तिथं मिथेन कमी.

उपाय म्हणून डोंगराच्या बाजूनं, मेरेच्या आत फूटभर खोल चर काढून पाझराचं पाणी बाहेर वळवा. फुटवे येण्याच्या काळात चार-सहा दिवस कुणगा सुकू द्या, केसाएवढ्या भेगा पडल्या की पुरे. वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातात) पंपाचं पाणी हातात असेल तर 30 सेंटिमीटरचा प्लास्टिकचा पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडून तेवढाच जमिनीत पुरा. आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर उतरलं की मगच पंप लावा, फक्त निसवण्याच्या दिवसांत पाणी साचलेलं राहू द्या. पाणी वाचतं, मिथेनही बराच कमी होतो. खाजनवाल्या वाचकांनी मात्र हे करू नये, जमीन सुकली की खालचं मीठ वर चढतं. आणि खाजनाची माती तपासायला देताना ती खारी आहे हे पिशवीवर लिहा. त्या चंबूत क्लोराइडही डायक्रोमेट खातं, वेगळी काळजी घेतली नाही तर कर्ब खोटाच जास्त दिसतो.

प्रश्न : कुळागरातल्या (माडा-पोफळीच्या बागेतल्या) मातीत कर्ब साठवल्याबद्दल पैसे देऊ, असं सांगत एकजण येऊन गेला. दहा वर्षांचा करार आहे. सही करू का? (सावईवेरे)

उत्तर : दादा, इतक्यात नको. त्याला आधी विचारा, की माती किती खोलीपर्यंत मोजणार, किती ठिकाणची घेणार, आजचा आकडा खरंच मोजणार की अंदाजानं धरणार. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन सुमारे 1950 टन. त्यात कर्ब 0.1 टक्क्यानं वाढला, तर दोन टन. पण तुमच्या कुळागरात पाटाच्या कडेची माती आणि दोन माडांमधली माती यांच्यातच याहून मोठा फरक असतो. मग वाढ झाली की नमुन्याची जागा बदलली, हे दहा वर्षांनी कोण ठरवणार? ते करारात लिहून घ्या. आणि खडा वजन करणार का, तेही विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही, तर कागद परत द्या.

पुढच्या अंकासाठी माती पाठवणाऱ्यांनी एका शेतातल्या आठ-दहा जागांची माती एकत्र मिसळून त्यातली किलोभर पाठवावी. ती चाळू नका, खडे वेचून काढू नका.